न खोडलेली ओळ

"हे 'अरे देवा' कुठून आलं?"

तालीम थांबली. मिस लुएला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मांडीवर संहिता, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पेन्सिल हवेत.

"सहज गेलं तोंडातून," मंचावरून मेरीबेथ म्हणाली. ही एरवी दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. "आई गेल्याचा निरोप हातात पडला, तर माणूस 'अरे देवा' म्हणणारच ना?"

"माणूस म्हणेल. हिनं म्हटलेलं नाही. मी पाठवलेल्या प्रतीत नव्हतं, म्हणजे मंजूर प्रतीतही नाही. पुन्हा घे."

"मिस लुएला, देवाचं नाव घेतल्यानं सरकारचं कुठलं गुपित फुटणार आहे?"

"देवाचं मला ठाऊक नाही, बाळ. त्याची फाइल माझ्या टेबलावर कधी आली नाही."

सगळे हसले. त्या नाही हसल्या. पेन्सिल खाली आली आणि तालीम पुढे सुरू झाली.

आमचं गाव व्हर्जिनियाच्या उत्तरेला, राजधानीपासून गाडीनं तासाभरावर. इथं शेजाऱ्याला 'तुम्ही काय करता' म्हणून विचारलं आणि 'सरकारात आहे' एवढंच उत्तर आलं, तर पुढे हवापाण्याबद्दल बोलायचं असतं. मिस लुएला ट्रॅमेल त्यातल्याच. टंकलेखनाची परीक्षा देऊन विशीत सरकारात लागल्या आणि संदेशयंत्रावर बसल्या. कुठकुठल्या देशांत, तेही आम्हाला माहीत नाही. निवृत्त झाल्यावर परत आल्या आणि चर्चमध्ये खालच्या पट्टीत गाऊ लागल्या. सवयी मात्र तशाच राहिल्या. वाणसामानाची यादी करायची तरी कागद वहीतून फाडून टेबलाच्या नागड्या लाकडावर ठेवून लिहायच्या, म्हणजे खालच्या पानावर ठसा उमटायला नको. "काल काय केलंत?" असं विचारलं की म्हणायच्या, "थोडं हे, थोडं ते."

अशा बाईनं एकांकिका लिहिली.

अग्निशामक दलाच्या जुन्या बंबखान्यात आमचं हौशी नाट्यमंडळ आहे आणि दर पानगळीत आम्ही गावातल्याच लोकांनी लिहिलेल्या एकांकिका करतो; बसवते मी. वसंतात एकदा त्या माझ्याकडे आल्या. "मी लिहिलंय," म्हणाल्या.

"वाह! द्या की."

"देता येत नाही. आधी तिकडे पाठवायचंय."

तिकडे म्हणजे त्यांच्या जुन्या ऑफिसात. त्यांच्यासारख्यांनी नोकरीला लागताना सही केलेली असते, की कामाच्या जवळपास जाणारं काहीही लिहिलं तर छापण्याआधी, बोलण्याआधी, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला दाखवण्याआधीसुद्धा ऑफिसच्या तपासणी मंडळाला दाखवीन. ही सही निवृत्तीनंतरही सुटत नाही. मंडळ वाचतं, गुपित असेल ते काळं करतं, आणि प्रत परत पाठवतं.

"निदान गोष्ट तरी सांगा," मी म्हटलं.

"आवडली तर करशील, नाही आवडली तर नको करू. पण आत्ता गोष्ट विचारू नकोस."

उन्हाळा गेला. मंडळाचं उत्तर नाही. मी त्यांची तारीख मोकळी ठेवून बाकीचे प्रयोग ठरवले. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा त्यांचा फोन आला, "ये घरी."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रत पडली होती. त्यांनी माझ्यासमोर बर्फ घातलेल्या गोड चहाचा ग्लास ठेवला, हॅम घातलेली पावासारखी मऊ बिस्किटं ठेवली, आणि स्वतः पाठ करून भांडी घासायला लागल्या. मी वाचलं.

एक बिनखिडकीची खोली. दोन बायका, ग्रेटा आणि विनी, संदेशयंत्रावर बसलेल्या. यंत्र खडखडतं, कागद बाहेर येतो, ग्रेटा तो फाडून घेते. तिच्याच घरचा निरोप असतो. 'काय गं?' विनी विचारते. 'आई. आज सकाळी गेली. निरोप आजच आलाय.' 'मग जा! विमान आहे संध्याकाळचं.' आणि यानंतर पाऊण पान काळं. काळं संपलं की एकच ओळ उरलेली: ग्रेटा यंत्रात नवा कागद घालते.

"काळ्याखाली काय होतं?"

पाण्याची धार चालूच.

"ती का गेली नाही, ते होतं ना?" मी म्हटलं. "मिस लुएला, पण हे काढल्यावर तर... आईची बातमी कळूनही ही बाई गेली नाही, एवढंच उरतं. तेही विनाकारण. प्रेक्षकांना ही निर्दयी वाटेल."

त्यांनी नळ बंद केला. "एका प्रेक्षकाला तर नक्कीच. तो प्रेक्षक गेली कित्येक वर्षं हेच म्हणतोय."

तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी ओपलचं नाव ऐकलं. धाकटी बहीण. शेजारच्या गावात राहायची. आईचं आजारपण तिनं एकटीनं काढलं होतं. आई गेली त्या पहाटे तिनंच राजधानीतल्या ऑफिसच्या नंबरावर फोन करून निरोप दिला होता, की लूला, म्हणजे लुएलाला, कळवा. लू दफनाला आली नाही. दोन महिन्यांनी उगवली. म्हणाली, निरोपच उशिरा मिळाला, आठवडा लागला. ओपलचा यावर अर्धाच विश्वास बसला. उरलेल्या अर्ध्यासाठी तिनं बोलणं सोडलं. आता दोघींमध्ये नाताळचं कार्ड तेवढं जायचं, त्यातही नुसती सही.

"तिनं पाहावं म्हणून लिहिलं होतं," मिस लुएला म्हणाल्या. "म्हटलं, नाटक म्हणून तरी कारण बाहेर येऊ दे. आणि यांनी कारण तेवढं काढलं. बाकी सगळं ठेवलं."

"मग तिला असंच सांगा ना. या स्वयंपाकघरात. कोण ऐकायला बसलंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना वाण्याच्या दुकानातून काहीतरी चोरायला सांगितलं होतं. "ते कारण माझं एकटीचं नाही, बाळ. आणि ज्याचं आहे त्याला विचारायला मी जाऊ शकत नाही."

"वर अपील करता येतं म्हणे."

"येतं. पण ते बरोबर आहेत. मी तिथं बसले असते तर मीही खोडलं असतं." हात पुसत त्या टेबलाशी आल्या. "माझं भांडण वेगळ्याच ओळीशी आहे."

बोट टेकवलं. 'निरोप आजच आलाय.'

मला कळेना. "ही तर ठेवलीय."

"तेच तर!"

त्यांनी फोन उचलला आणि मंडळाचा नंबर फिरवला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांची पाठ पाहत होते.

"हो, लुएला ट्रॅमेल... हो, एकांकिकाच... नाही, खोडलंय त्याबद्दल तक्रार नाही. खोडलं नाही त्याबद्दल आहे... पान नऊ. 'निरोप आजच आलाय.' ही तुम्ही ठेवलीत... का ठेवलीत?... नाही, पण त्यावरून निरोप किती वेळात पोहोचायचे ते कळतं, असं नाही वाटत तुम्हाला?... बरं. सगळ्यांना माहीत आहे. बरं."

फोनची वायर बोटाला गुंडाळत होत्या.

"आणि समजा मी नाटकाबाहेर, माझ्या बहिणीला सांगितलं, की निरोप त्याच दिवशी मिळाला होता? नुसतं एवढंच. कुठे ते नाही. का ते नाही... हो. ऐकतेय... नाही, रागावले नाही. धन्यवाद."

फोन ठेवला. खुर्ची ओढून बसल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, 'बाई, ते तुमचं आहे. आमचं नाही.'" मग म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे. आवाज किती नम्र."

गोड चहातला बर्फ वितळला होता.

"आठवडा लागला, हे मी ओपलला सांगितलं," त्या बोलायला लागल्या, मला की टेबलाला कोण जाणे. "ते ऑफिसनं शिकवलं नव्हतं. ऑफिसनं 'सांगता येत नाही' एवढंच शिकवलं होतं. पण बहिणीला कसं म्हणायचं ते? म्हणून मी आठवडा घातला. नंतर इतकी वर्षं समजत आले, की हेही त्यातच मोडतं. ऑफिसच्या कुलपाशेजारी मी माझं कुलूप लावलं, आणि दोन्ही एकसारखी दिसायला लागली. मी ही ओळ लिहिली ना, ती ते खोडतील या भरवशावर लिहिली. खोडली असती तर सुटले असते."

"मग नाटक मागे घ्यायचं?"

"दोन दिवस दे."

तिसऱ्या दिवशी त्या बंबखान्यात आल्या. संहिता माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "रविवारी दुपारच्या प्रयोगाचं एक तिकीट हवंय. ओपल ट्रॅमेल ग्रीअर. मागच्या रांगेतलं दे, तिला पटकन उठून जाता येईल असं."

तालमी पार पडल्या आणि त्या रविवारी पडदा उघडण्याआधी मी नेहमीचं निवेदन वाचलं: मतं लेखिकेची, पात्रं काल्पनिक, सरकारनं प्रत वाचली म्हणजे त्यातलं काही खरं आहे असं सरकार म्हणत नाही. आमच्या गावात या निवेदनाला हशा मिळतो. अर्ध्या प्रेक्षकांनी स्वतः कधी ना कधी तशी सही केलेली असते.

पाऊण काळ्या पानाचं मी असं केलं होतं: 'विमान आहे संध्याकाळचं' नंतर कुणी बोलायचं नाही. ती वाक्यं बोलायला जितका वेळ लागला असता, तितका वेळ मेरीबेथनं नुसतं यंत्राकडे बघत उभं राहायचं. लांबतं ते. लोक खोकले, खुर्च्या कुरकुरल्या. मग तिनं नवा कागद घातला आणि अंधार.

टाळ्या बऱ्या पडल्या. त्यानंतर प्रथेप्रमाणे लेखिका मंचावर, प्रेक्षकांचे प्रश्न.

एका टक्कल पडलेल्या गृहस्थांनी यंत्राचं बनावटीचं वर्ष विचारलं. "लिहिलंय तेवढंच," मिस लुएला म्हणाल्या. एका मुलीनं विचारलं, "पण ग्रेटा गेली का नाही?"

"ते मला सांगता येत नाही."

मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली. रविवारचा निळा कोट, पर्स पोटाशी धरलेली. नाक हुबेहूब मिस लुएलांचं.

"ती ग्रेटा तू आहेस का, लू?"

मिस लुएलांनी 'हो' म्हटलं तर नाटकातली खोली खरी होते, यंत्र खरं होतं, काळं पानही खरं होतं.

"पात्र काल्पनिक आहे," त्या म्हणाल्या.

सभागृह हसलं. ओपल नाही हसली. ती वळली आणि दारातून बाहेर पडली.

मिस लुएलांचे गुडघे अधू आहेत. तरी त्या माझ्या हाताची वाट न पाहता मंचाच्या पायऱ्या उतरल्या आणि भर प्रेक्षकांतून चालत गेल्या. त्यांचा कोट खुर्चीवरच राहिला. तो घेऊन मी मागून धावले.

ओपल गाडीच्या दाराशी किल्ल्या शोधत होती.

"ओपल, थांब."

"काल्पनिक बायकांशी मी बोलत नसते."

"ती काल्पनिक आहे. मी इथं उभी आहे. आता सांगते ते नाटकातलं नाही." श्वास लागला होता. "आईचा निरोप मला त्याच दिवशी मिळाला. आठवडा-बिठवडा काही लागला नव्हता. मी तुला खोटं सांगितलं."

ओपलच्या हातातल्या किल्ल्या थांबल्या.

"तो फोनवरचा माणूस," ती हळू म्हणाली. "त्यानं झोपेत निरोप घेतला आणि विसरला, असं मी धरून चालले. मी खासदाराला पत्र लिहिलं होतं, लू. त्या माणसाची चौकशी करा म्हणून."

"माहीत आहे. तू मला दाखवलं होतंस. मी गप्प बसले."

"मग त्याचं काय झालं?"

"मी कधी विचारलं नाही."

"छान! आणि आली का नाहीस?"

"सांगता येत नाही."

"मला? आता? दोघी पायात मोजे घालताना धापा टाकतो, आणि अजून सांगता येत नाही?"

"तुलाही नाही."

"निदान काही कारण होतं का, एवढं तरी सांग."

मिस लुएला थोडं हसल्या. "होतं म्हटलं तर विश्वास ठेवशील? आत्ताच कबूल केलंय, की मी खोटं बोलते."

"नाही ठेवणार."

"म्हणून म्हणत नाही."

वारा सुटला होता. मी कोट पुढे केला, पण कुणाचंच लक्ष नव्हतं.

"मला राग आहे," ओपल म्हणाली. "आले होते त्यापेक्षा जास्त राग घेऊन चाललीय मी. आधी अर्धा होता."

"असू दे." मिस लुएलांनी गाडीच्या टपावर हात टेकला. "मला एक विचारायचंय. हक्क नाही, तरी."

"विचार."

"आई शेवटी... कशी होती?"

ओपलनं मान वर केली. "इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. मला वाटायचं, तुला ऐकायचंच नाही."

"विचारलं असतं तर तू वार सांगितला असतास, वेळ सांगितली असतीस. आणि ते मला आधीच ठाऊक आहे, हे माझ्या तोंडावर दिसलं असतं."

ओपलनं गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडलं, सीटवरचं चर्चच्या जेवणाचं रिकामं भांडं उचलून मागे टाकलं, आणि हातानं सीट झटकली.

"बस. माझं काही तुझ्यासारखं नाही. मी कुठल्या कागदावर सही केलेली नाही. सगळं सांगणार आहे. तुला झोंबेल तेसुद्धा."

मिस लुएला आत बसल्या. मी कोट खिडकीतून दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला आणि माझ्याकडे न पाहता मान हलवली. ओपलनं गाडी चालू केली नाही, नुसती काच वर घेतली.