एकाच आवाजाची बचावफळी

डिसेंबरातला दुसरा शनिवार, सकाळी आठ. कॉलेजचं मैदान, दारव्ह्याकडच्या एका कॉलेजशी सराव सामना. हजर: मी (शारीरिक शिक्षण संचालक); नागपूरहून आलेले नवे प्रशिक्षक; त्यांचे सहायक (राजूरचे, खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करणारे आणि एकेकाळी गोलकीपर असलेले); आमचे सगळे खेळाडू, दोघं उशिरा. प्राचार्य गैरहजर, हाफटाइमनंतर येतो असा निरोप.

हे सगळं मी गाडीच्या सीटवर वही ठेवून लिहून घेतलं, कारण एकदा सामना सुरू झाला की मला लिहिणं जमत नाही. त्या दिवशी काय ठरवायचं होतं तेही वरच लिहिलं होतं. दोन्ही प्रशिक्षक दोन महिन्यांपासून तात्पुरते होते. विद्यापीठाच्या स्पर्धेला संघ जाण्याआधी त्यांना ठेवायचं की नाही, हे प्राचार्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. आधीच्या वर्षी आमची बचावफळी इतकी ढिली होती की स्टाफरूममध्ये लोक मला स्कोअर विचारायचे आणि उत्तराआधीच हसायचे. तेव्हा मी गोल मोजायला नाही, ती फळी बघायला उभी होते.

मी स्वतः खो-खोची. फुटबॉल खेळले नाही, पण रांगेतल्या माणसांच्या पायांकडे बघायची सवय आहे. शेजारी काय करणार हे ज्याला आधी कळतं त्याची टाच आधी उचलली जाते. जुन्या संघात चौघांच्या टाचा चार वेळेला उचलल्या जायच्या. नव्या प्रशिक्षकांनी येऊन हेच धरलं. पास सुटतो त्या क्षणी समोरचा फॉरवर्ड आमच्या फळीच्या पलीकडे असला की तो ऑफसाइड. म्हणून चौघांनी वेळ साधून एकदम पुढे सरकायचं आणि त्याला मागे उघडा पाडायचं. यात एक जण जरी मागे राहिला तरी सगळं फसतं. दोन महिने रोज सकाळी हेच चाललं होतं. पोरं कंटाळली, कुरकुरली, पण टाचा एकत्र उचलल्या जायला लागल्या.

प्रशिक्षकांचा एक नियम होता. मैदानाबाहेरून आवाज एकच, त्यांचा. मैदानातून एकच, कॅप्टनचा. बाकी सगळे चूप. मला तो नियम आवडला होता. राजूरच्या सहायकांना तो जड जात होता, हे त्यांच्या तोंडावर दिसायचं. गोलकीपरचा माणूस आयुष्यभर मागून ओरडत आलेला असतो.

कॅप्टन आमचा स्टॉपर, म्हणजे फळीतला मधला, बोरी अरबकडच्या बंजारा तांड्यावरचा, इथे वसतिगृहात राहणारा. पुढे सरकायची हाक त्याची. पहिले काही दिवस तो मराठीत ओरडायचा, तर सरावात समोरून खेळणारे जुने विद्यार्थीसुद्धा हाक ऐकून सावध व्हायचे. मग त्यानेच डोकं चालवलं. त्याच्या घरच्या गोर बोलीतला 'पुढे'साठीचा शब्द घेतला आणि बाकी तिघांना शिकवला. मारेगावकडचा उजवा बॅक घरी कोलामी बोलतो. तो आठवडाभर तो शब्द चुकीचा म्हणत होता आणि सगळे त्याला चिडवत होते. नंतर बसलं. प्रशिक्षक खूश. "मॅडम, ये तो कोड हो गया," असं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मीही मान डोलावली.

त्या सकाळी दारव्ह्याकडची बस आली. त्यांचा फॉरवर्ड उतरला तसा धावत आमच्या कॅप्टनकडे गेला. दोघांनी मिठी मारली आणि गोर बोलीत भराभर बोलायला लागले. कुणाच्या तरी लग्नाबद्दल असावं, कारण मध्येच फॉरवर्डने नाचून दाखवलं. आम्ही सगळे तिथेच उभे होतो, हसत बघत. प्रशिक्षक, सहायक, मी, अख्खी फळी. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं बरी गेली. मग कॅप्टनने हाक दिली आणि चौघं झपकन पुढे सरकले. अगदी शिकवल्यासारखे. पण फॉरवर्ड मागे उघडा पडला नाही. तोही त्यांच्या बरोबरीने दोन पावलं पुढे आला, वळला आणि त्यांच्या डोक्यावरून आलेल्या बॉलमागे सुटला. आमच्या चौघांची तोंडं उलट्या दिशेला. लाइन्समनचा झेंडा खालीच, म्हणजे ऑफसाइड नाही. समोर एकटा गोलकीपर, आणि तो गोलच्या रेषेवर चिकटल्यासारखा उभा.

"बाहेर निंघ ना बे!" सहायकांच्या तोंडून निघालं, पण अर्धवट, स्वतःच्याच मुठीत. प्रशिक्षकांनी त्यांच्याकडे बघितलं. गोल झाला.

तो गोल एकदाच झाला, पण तोच प्रकार हाफटाइमपर्यंत पुन्हा पुन्हा झाला. एकदा बॉल पोस्टला लागला, एकदा बाहेर गेला. ही फळी मोडली तर दोन महिन्यांचं काम मोडलं, आणि मग प्राचार्यांना काय सांगायचं ते ठरलेलंच होतं.

हाफटाइमला पोरं घाम पुसत रिंगण करून बसली. कॅप्टन मान खाली घालून म्हणाला, "सर, तो समजून राह्यला."

"क्या समजून राह्यला?"

"आपली हाक. त्याची बोली तेच हाय."

उजवा बॅक म्हणाला, "अन् मले आठ दिवस चिडवलं तुम्ही. त्याच्यापेक्षा कोलामीत ओरडलो असतो तं बरं झालं असतं."

सगळे हसले. सहायकांनी कॅप्टनच्या पाठीत हलकी चापट मारली. "अरे बाप्पा, सकाळी गळ्यात गळा घालून काय बोलत होते मंग दोघं? तवाच समजाले पाह्यजे होतं ना."

"लग्नाचं बोलत होतो काका."

"त्याचं लग्न झालं, आपली वरात निंघाली."

मी प्रशिक्षकांकडे बघत होते. खरं मूल्यमापन आता, असं मला वाटलं. चिडतील, कॅप्टनला बसवतील, की जुन्या पद्धतीवर येऊन सगळ्यांना गोलजवळ मागे उभं करतील? ते हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. पाण्याची बाटली जमिनीवर ठेवली आणि बसले.

"हाक बंद," ते म्हणाले. "आता कान नको, डोळे पायजे. समोरच्यानं बॉल मागे पास केला, की पुढे. त्यानं मान वर करून बघितलं, की थांबायचं. बस. बोलायचं काहीच नाही."

"अन् चुकलं तं सर?" गोलकीपरने विचारलं.

"चुकायचं नाही."

सहायक काहीतरी बोलायला गेले. प्रशिक्षकांनी हात वर केला. "भाऊ, आवाज एक." सहायक उठले आणि गोलपोस्टच्या बाजूला जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या हाफमध्ये जे बघितलं ते मी या मैदानावर कधी बघितलं नव्हतं. बॉल मागे गेला की टाचांच्या चार जोड्या एकदम उचलल्या जात होत्या, एक शब्द न काढता. फॉरवर्ड वैतागला. झेंडा वर, पुन्हा झेंडा वर. तो कॅप्टनला हसून गोर बोलीत काहीतरी विचारायचा, कॅप्टन गप्प. मध्येच प्राचार्य येऊन माझ्या शेजारी उभे राहिले.

"हारून राह्यलो?"

"एकाने."

"मग काय पाहून राह्यल्या तुम्ही इतकं?"

"पाय."

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं.

सामना संपत आला तेव्हा ते घडलं. बॉल मागे गेला, तिघं पुढे सरकले. उजवा बॅक दमला होता, अर्धं पाऊल राहिला. तेवढं पुरे. फॉरवर्ड सुटला, झेंडा खाली, समोर मोकळं मैदान. गोलकीपर पुन्हा रेषेवर. मी प्राचार्यांची बाही धरली होती, हे मला नंतर कळलं.

"निंघ! निंघ बे! पाय धर त्याचे!"

अख्ख्या मैदानावर तो आवाज गेला. गोलकीपर बाणासारखा बाहेर आला, फॉरवर्डच्या पायाशी पडला आणि बॉल छातीशी धरला. पोरं ओरडत त्याच्याकडे धावली. सहायक गोलपोस्टला टेकून उभे होते, तोंड लाल.

सामना एका गोलने हरलो. शिट्टी झाली तसे प्रशिक्षक सरळ सहायकांकडे गेले. मीही मागोमाग.

"मी काय सांगितलं होतं, भाऊ?"

"गोल वाचला ना सर."

"आज वाचला. उद्या मैदानाबाहेरून चार जण ओरडतील, मग पोरं कुणाचं ऐकतील?"

"ते मले नाही समजत. पोट्टा रेषेवर मरून राह्यला होता, म्या पाहत राहू काय?"

दोघंही बरोबर होते, आणि हीच अडचण होती. फळी प्रशिक्षकांनी घडवली होती. एका चुकीवर मोडलेली फळी दहा मिनिटांत न बोलता पुन्हा उभी केली होती. पण फळी फुटल्यावर काय, हे त्यांनी एका शब्दानेही शिकवलं नव्हतं. ते शिकवू शकणारा माणूस त्यांनी गप्प बसवला होता.

प्रशिक्षक माझ्याकडे वळले. "मॅडम, लिहून टाका. या तो लाइन मेरी, या उनकी." मग बॅग उचलली आणि नागपूरच्या बससाठी निघाले.

दुपारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी सांगितलं की दोघंही हवेत. बचावफळी आणि मैदानाबाहेरचा आवाज प्रशिक्षकांचा. गोलकीपर पूर्णपणे सहायकांचा, सरावात आणि सामन्यातही, आणि त्याच्यापुरतं ओरडायची त्यांना मोकळीक.

"ऐकतील ते?" प्राचार्यांनी विचारलं.

"फळीचा विचार करणारा माणूस आहे. ऐकायला हवं."

त्यांनी मंजुरी दिली. "पण सांगायचं तुम्ही," एवढं मात्र वर म्हणाले.

संध्याकाळी सहायकांना सांगितलं. ते म्हणाले, "मले काय मॅडम, पोट्ट्याले शिकवतो म्या. पण सरांनी हो म्हनलं पाह्यजे. नाहीतं मैदानावर पुन्हा तेच होईन."

प्रशिक्षकांना फोन करून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. फोनवर ते 'ठीक आहे' म्हणतील आणि पुन्हा येणारच नाहीत. समोरासमोर, सरावाआधी, पोरं यायच्या आत सांगावं लागेल. काय बोलायचं ते दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. पहिलं वाक्यच सापडत नाही. सोमवारी पहाटेच्या बसने ते येतील. त्यांना सांगायचं अजून बाकी आहे.