साडूभाऊंची दुर्बीण

जगात वस्तू विकत घेणारी माणसं पुष्कळ आहेत. वस्तू निवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. सासुरवाडीकडून लोकांना काय काय मिळतं. मला जन्मभराचा क्वालिटी इन्स्पेक्टर मिळाला. दुबईत आम्ही दोघंही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये समोरासमोरच्या बिल्डिंगांत राहायचो, त्यामुळे माझ्या घरात आलेली एकही वस्तू त्यांच्या नजरेतून सुटायची सोय नव्हती. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते पर्चेस ऑफिसर होते. कंपनी त्यांना या कामाचा पगार देते याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटायचं, कारण हे काम ते फुकटही करत होतेच, आणि तेही कोणी न विचारता.

कोणतीही वस्तू ते आधी उलटी करून बघत. मिक्सर, सुटकेस, चपला, काहीही. जी उलटी करता येत नाही तिच्या खाली स्वतः शिरत. आम्ही नवं डायनिंग टेबल घेतलं तेव्हा हौसेनं त्यांना जेवायला बोलावलं. बायको खिरीचं पातेलं घेऊन उभी, आणि टेबलाखालून साडूभाऊंचे फक्त पाय बाहेर दिसताहेत. आतून आवाज आला, "याचे पाय प्लायचे आहेत रे. तुला लाकूड म्हणून विकलं ना?" त्या खिरीची चव मला आजतागायत आठवत नाही. एकदा खुर्ची घ्यायला गेले ते पेपर घेऊनच. दुकानातल्या खुर्चीत बसून अख्खा पेपर वाचला, शब्दकोडं सोडवलं, सेल्समननं दयेनं आणून दिलेला चहा प्यायले, आणि शेवटी "पाठ दुखायला लागली" म्हणून उठून आले. सोबत आलेली त्यांची मुलगी लाजेनं अर्धी झाली होती. "बाबा, प्लीज! पीपल आर लुकिंग!" साडूभाऊ म्हणाले, "बघू देत की. पाठ त्यांची आहे का माझी?"

पण खरी कमाल त्यांनी केली ती तेजीच्या दिवसांत. तेव्हा दुबईत जो तो न बांधलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक करत सुटला होता. मीही त्यांना ओढत एका सेल्स ऑफिसात नेलं. काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल, त्यात निळे दिवे, शेजारी गोड बोलणारी मुलगी. सगळं ऐकून घेतल्यावर साडूभाऊ म्हणाले, "नळ दाखवा." ती म्हणाली, "सर, टॉवर इज नॉट येट बिल्ट." "मग नळ लागला की बोलवा," असं म्हणून हे लिफ्टकडे चालायलाही लागले. मी पोट धरून हसलो आणि फ्लॅट बुक करून आलो. त्या बुकिंगचं पुढे काय झालं ते कृपा करून विचारू नका.

मग मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या, आणि ज्यांनी काहीही बुक केलं नव्हतं तेही सुटले नाहीत. साडूभाऊंची कंपनीच बंद पडली. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. इकडे मुलगी बारावीला, परीक्षा मार्चमध्ये. आता शाळा सुटली तर वर्षच गेलं. म्हणून तिला यातलं काही कळू द्यायचं नाही असं ताईंनी आणि त्यांनी ठरवलं. साडूभाऊ रोज सकाळी टाय लावून घराबाहेर पडत आणि नोकरीसाठी दुबई ते अजमान पालथी घालत. संध्याकाळी किराणा दुकानातून रिकामे खोके मागून आणत आणि आमच्या घरी लपवून ठेवत. सामान बांधायची वेळ आलीच तर तयारी असावी म्हणून. तेही दाबून, ठोकून, निवडून आणलेले. "हा दुपदरी आहे. यात काचसामान जाईल." हे ऐकून ताई आमच्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मला तर त्या खोक्यांकडे बघवत नव्हतं.

शेवटी मी आमच्या जीएमना गाठलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमची ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांची फॅक्टरी. जीएम केरळचे, माणूस हिशेबी. "सगळे माणसं काढतायत, आणि तू मला माणूस घे म्हणतोस?" असं इंग्रजीत झाडून झाल्यावर ते जरा विचारात पडले. नव्या व्हिसाच्या कागदावर सही लागायची आमच्या अरबाबची, म्हणजे कंपनीच्या स्थानिक मालकाची. म्हातारा शिकारीचा शौकीन. दर हिवाळ्यात कुठल्या कुठल्या देशांत डोंगरबकऱ्यांच्या मागे जायचा, आणि निघण्यापूर्वी कंपनीनं त्याला काहीतरी भेट द्यायची अशी पद्धत. यंदा रायफलवर बसवायची दुर्बीण द्यायचं ठरत होतं. जीएम म्हणाले, "युवर मॅन इज पर्चेस मॅन, नो? लेट हिम पर्चेस. अरबाब हॅपी, व्हिसा साइन. अरबाब नॉट हॅपी, खलास." आणि पाच हजार दिरहॅम काढून दिले.

"म्हणजे पासष्ट हजार रुपये!" साडूभाऊ ओरडलेच. हा गृहस्थ पक्का शाकाहारी. घरात पाल दिसली तर तिला झाडूनं मारत नाही, दार उघडून "जा, जा" म्हणून विनवतो. दिवाळीतली टिकल्यांची बंदूकसुद्धा त्यांनी कधी कान झाकल्याशिवाय पाहिली नाही. मी म्हटलं, "साडूभाऊ, जमेल ना?" तर म्हणतात, "न जमायला काय झालं? नळी आणि भिंगं. गोळी अरबाबनं मारायची आहे. मला फक्त बघायचंय."

अरबाबच्या शिकारीच्या परवान्याची प्रत घेऊन आम्ही देऱ्यातल्या, म्हणजे जुन्या दुबईतल्या, शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. सेल्समन पठाण, उंचापुरा, उत्साही. त्यानं हातभर लांबीची एक दुर्बीण समोर ठेवली. "साहब, चौबीस गुना! पहाड़ के उधर का बकरा इधर आ जाएगा!" साडूभाऊंनी ती सवयीनं उलटी करून पाहिली आणि विचारलं, "बकरा किस टाइम आता है?" पठाण म्हणाला, पहाटे, नाहीतर सूर्य बुडताना. "तो अभी दोपहर में ट्यूबलाइट के नीचे क्या देखूँ? मगरिब को आता हूँ." आणि खरोखर रोज संध्याकाळी अजान व्हायच्या सुमारास हे दुकानाच्या पायरीवर हजर. रस्त्यापलीकडे लांबवर एका कॅफेटेरियाचा बोर्ड होता. एकेक दुर्बीण डोळ्याला लावून अंधार पडेपर्यंत ते बोर्डावरचे ज्यूसचे भाव वाचत. माझ्या ज्ञानात भर पडली ती अशी, की चोवीसपटीची दुर्बीण उजेडात थाटात दिसते, पण सांज झाली की चित्र काळवंडतं, शिवाय हात जरा हलला की अख्खा डोंगर हलतो. नऊपटीच्या एका साध्या दुर्बिणीतून मात्र आंब्याच्या ज्यूसचा भाव शेवटपर्यंत दिसत होता. पठाण आधी वैतागला. मग त्यानं खुर्ची आणून दिली, सुलेमानी चहा सुरू केला, आणि पुढे पुढे तोही बोर्ड वाचायला शेजारी उभा राहू लागला.

या दिवसांत एकदा आमच्या रिसेप्शनमधल्या अरबाबच्या फोटोसमोर साडूभाऊ बराच वेळ उभे राहिले. म्हाताऱ्याच्या उजव्या भुवईवर अर्ध्या बांगडीसारखा व्रण होता. शिकारीच्या ससाण्यानं पंजा मारला होता, असं ऑफिसात सगळे अभिमानानं सांगत. साडूभाऊंनी ते पठाणाला विचारलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, डोळा दुर्बिणीला फार चिकटवावा लागला तर गोळी सुटताना बंदूक मागे येते आणि दुर्बिणीची कड भुवई फोडते. हा तसाच व्रण. झालं! साडूभाऊंनी पठाणाकडून अशी एक शोधून घेतली की डोळा चार बोटं लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसावं. ती निघाली तीच, नऊपटीची. किंमत चौदाशे दिरहॅम.

मी हात जोडले. "अहो, ही भेट आहे! पाच हजारांतली घ्या. मोठी, चकचकीत. तुमच्या व्हिसाचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "त्याला बकरा दिसायला हवा ना? मग?" वाद संपला.

अरबाबच्या मजलिसमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीच्या दालनात, आम्ही तिघं गेलो. दाराशीच साडूभाऊंनी जीएमच्या हातात पाकीट ठेवलं. "सर, बॅलन्स. थर्टी-सिक्स हंड्रेड." जीएमचा चेहरा पांढराफटक पडला, पण तोवर आम्ही आत पोचलो होतो. गाद्यांवर अरबाबचे मुलगे, भाचे, मित्र. म्हाताऱ्यानं खोका उघडला, आणि सगळ्यांत वर दुर्बीण नाही, बिल! व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं. अरबाबला हिंदी उत्तम यायची. "ये बिल किसने रखा?"

साडूभाऊ उभे राहिले. "मैंने. वॉरंटी है. सँभाल के रखना."

जीएमनी डोळे मिटले. अरबाबनं आकडा वाचला. "इतना सस्ता लाया?"

"सस्ता नहीं लाया, अरबाब. सही लाया. बाहर चलो, अभी मगरिब होगा, दिखाता हूँ." आणि भिंतीवरच्या रायफलीकडे बोट करून म्हणाले, "वो पुराना वाला भी ले लो." ती पुरानी म्हणजे रायफलीवर बसवलेली दुर्बीण, दोन वर्षांपूर्वी खुद्द जीएमनी दिलेली, भली थोरली. अंगणात म्हाताऱ्यानं आधी ती डोळ्याला लावली, मग नवी. लांबच्या खजुरांखाली बकऱ्या बांधल्या होत्या. साडूभाऊंनी हळूच सांगितलं, "आँख चार उँगली पीछे. फिर भौं नहीं फटेगा." आणि स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून, सगळ्या गोतावळ्यादेखत, "ये उसी ने मारा ना?"

मुलगे बापाकडे बघू लागले. अरबाबनं दुर्बीण खाली घेतली, साडूभाऊंकडे पाहिलं, आणि असा काही हसत सुटला की डोक्यावरचा रुमाल सावरायला दोन माणसं धावली. "वल्ला! हमने सबको बोला बाज़ ने मारा! दो साल से बोलता है!" मग डोळे पुसत जीएमना म्हणाला, "इस आदमी को मत छोड़ो. कागज़ लाओ, यल्ला."

परत येताना मी गाडीत आनंदानं आरडाओरडा करत होतो. पेट्रोल पंपाजवळ साडूभाऊ म्हणाले, "जरा थांबव." गाडी थांबवली, तर त्यांनी टाय काढून मांडीवर ठेवला. "तुला वाटतं मला कळत नव्हतं?" ते म्हणाले. "मोठी घेतली असती तर काही प्रश्नच नव्हता रे. खिशातून पैसे काढलेसुद्धा होते. पोरीचं वर्ष होतं... पण आयुष्यात मला हे एकच येतं. तेच खोटं केलं असतं, तर मग नोकरी मागायची कशाच्या जोरावर?" ज्या माणसाला मी उभं आयुष्य चिकट म्हणून हसलो, त्याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी त्यांचा हात धरून बसलो.

नंतर ते आमच्याच कंपनीत काही वर्षं होते, आणि मग ताईंसह नाशिकला परत गेले. समोरच्या बिल्डिंगमध्ये आता दुसरं कोणी राहतं. मुलगी इंजिनियर झाली. मध्यंतरी कामानिमित्त दुबईत आली तेव्हा आमच्याकडे जेवायला होती. हसत हसत म्हणाली, "काका, वी वर सो लकी, ना? रिसेशनमध्ये सगळ्यांचं काय काय झालं, बट आवर हाउस वॉज सो नॉर्मल. माझ्या ट्वेल्थला बाबांना काही टेन्शनच नव्हतं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. रात्री मी नाशिकला फोन लावून म्हटलं, आता तरी तिला सांगू का? साडूभाऊ म्हणाले, "नको रे. अभ्यास तिनं केला, पास ती झाली. तेवढं तिचं तिलाच राहू दे."