ट्रॉम्सोतली संकष्टी

नोव्हेंबरात आईला घेऊन मी नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, ट्रॉम्सोला गेले. लोक तिथे आकाशातला हिरवा उजेड बघायला जातात. मी गेले होते आईला एक गोष्ट सांगायला. मी ब्रिटिश नागरिकत्व घेत होते आणि पुण्याला कायमची परत जाणार नव्हते. कार्डिफच्या घरात तीन आठवडे ती माझ्यासमोर होती, पण माझं तोंड उघडलं नाही. परक्या गावात, बर्फाबिर्फात ते सोपं जाईल असं मला का वाटलं कोण जाणे.

तयारी मात्र जय्यत केली. आधी एक्सेल शीट. बंदरावरची हॉटेलं बाद, कारण नाश्त्याला माशांचे ढीग आणि आई शाकाहारी. काचेच्या छताची खोली बाद, कारण आईला कपडे बदलायला आडोसा लागतो. शेवटी पुलापलीकडचा स्वयंपाकघरवाला फ्लॅट घेतला. पहिल्या दिवशी म्युझियम आणि लायब्ररी, दुसऱ्या दिवशी रेनडियरची घसरगाडी, दुपारी केबल कारने डोंगरावर. प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. आई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तिने शीट वरपासून खालपर्यंत तपासली आणि फक्त "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे केले. आईने चहाचा कप तेवढा उचलला.

"आज संकष्टी आहे."

"काल का नाही सांगितलंस?"

"तुझ्या शीटमध्ये तिथीचा कॉलम नव्हता."

मी वैतागून फोनवर चंद्रोदयाची वेळ शोधली, कारण तो झाल्याशिवाय ती उपास सोडत नाही. वेळेच्या जागी नुसती आडवी रेघ. दुसरं ॲप उघडलं, तिथेही रेघ. आई एव्हाना खिडकीशी उभी होती. सकाळचे नऊ वाजले होते आणि चंद्र पश्चिमेला ढळढळीत दिसत होता.

"अगं, हा मावळणारच नाहीये आज," ती म्हणाली. "इथे सूर्य दिवसेंदिवस उगवत नाही, हे इतकी वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. चंद्राचा विचारच केला नाही कधी." तिला केवढा आनंद झाला होता. मला अजिबात झाला नव्हता.

"मग समोर दिसतोय ना? खाऊन घे."

"दिसणं वेगळं आणि उगवणं वेगळं."

"आई, प्लीज. कुणासाठी करतेस हे सगळं?"

मी चिडून विचारलं होतं, तिने शांतपणे सांगितलं. "तू विमानात बसलीस त्या महिन्यात धरली. तू परत येईपर्यंत करीन असं बोलले होते देवाला."

अकरा वर्षं झाली होती. दर महिन्याला फोनवर "आज उपास आहे" हे मी ऐकत आले होते आणि कधी म्हणून कारण विचारलं नव्हतं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी उठून बूट घालायला लागले.

घसरगाडीत आई पोटभर हसली. सूप नको म्हणाली, तर रेनडियरवाल्या बाईंनी तिला कोरा चहा करून दिला. परतलो तेव्हा चंद्र उत्तरेच्या डोंगरांवर पार खाली उतरला होता. केबल कारची वेळ झाली होती, पण आई हलेना.

"वरून तो सतत दिसत राहील. खालून बघितलं तर त्या मोठ्या डोंगराआड जाईल आणि पलीकडून वर येईल. तोच आपला आजचा चंद्रोदय."

मी गपचूप बुकिंग रद्द केलं. आईने बॅगेतून तांदळाची पिठी, गूळ आणि सुकं खोबरं काढलं. म्हणजे निघण्याआधीच तिने तिथी पाहिली होती. ती मोदक वळत होती तेवढ्यात चंद्र डोंगराआड गेला. आम्ही खिडकीशी बसलो. बाहेर काळोख झाला होता.

"आई, मला एक सांगायचंय."

"आधी तो येऊ दे."

तो आला. आईने दार उघडून बर्फावर कपभर पाण्याचं अर्घ्य दिलं, हात जोडले आणि माझ्या हातावर गरम मोदक ठेवला.

"कार्डिफला गेल्यावर उद्यापन करू," ती म्हणाली. "भटजी मिळतात ना तिकडे?"

उद्यापन म्हणजे धरलेलं व्रत रीतसर संपवणं. मी तर परत गेलेच नव्हते.

"तू जातेस ऑफिसला. दारातलं पोस्ट मीच उचलते रोज," आई म्हणाली. "नागरिकत्वाच्या समारंभाचं कौन्सिलचं पत्र तू टेबलावर उघडंच टाकलं होतंस. तुझ्या त्या समारंभाला साडी चालेल ना?"

मला रडू आवरेना. मी घाबरट होते आणि तिने मला बोलायचीसुद्धा वेळ येऊ दिली नाही. "खा, गार होतोय," एवढंच ती म्हणाली आणि स्वतःचा मोदक फोडला.

उद्यापन झालं. समारंभाला ती मोतिया रंगाची साडी नेसून आली. पुढच्या संकष्टीला मी सकाळी न विचारताच फोनवर चंद्रोदय पाहून ठेवला. कार्डिफची वेळ अगदी मिनिटापर्यंत दिली होती. आई आली, माझ्यासमोर बसली आणि पोह्यांची ताटली पुढे ओढली. तिने वेळ विचारली नाही.