"तसं काही काम नाही"

मंडळी, आज सकाळी शेजारची सून गावाला जाताना किल्ली देऊन गेली. "काकू, फक्त घर बघा. तसं काही काम नाही."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं!

ऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट. सानगडीला राहत असताना आमच्या शेजारच्या वहिनी लग्नाला लाखांदूरला गेल्या. म्हणाल्या, "घर पाहजो बाई, म्हशीचं दूध काढजो. तसं काही काम नाही."

बादली घेऊन बसले, तर म्हशीनं बादलीसकट मलाच लाथाडलं. सरकीची ढेप चारली, पाठ थोपटली, शेवटी हात जोडले. पान्हा सोडेचना! कास दगडासारखी टणक झाली. माझा जीव टांगणीला.

वहिनी आल्या आणि माझ्यावरच उखडल्या. "माह्यं लुगडं नेसून काहून नाही बसली? दुसऱ्याच्या वासाले म्हैस दूध देत नाही!"

"मले सांगतलं होतं का तुम्ही?"

"हे का सांगाची गोष्ट आहे?"

तुम्हीच सांगा, ही नाही तर कुठली असते सांगायची गोष्ट?

आता दुपारी सुनेचा फोन. "काकू, सांगायचं राहिलं. मांजर घरात आहे, पण ती परक्या माणसाच्या हातचं खात नाही."

मी एवढंच विचारलं, "बाई, तुझा गाऊन कुठं ठेवलाय?"