नामाकाकांचा दुपारचा पहारा

फाल्गुन सरत आला होता. मुरबाडच्या शाळेत मी पोरांचे पाढे घेत होते. ऑफिसात फोन आलाय म्हणून गेले, तर भावाचा आवाज, "ताई, नामाकाका गेला गो... जेवून आडवा झाला, तो उठलाच नाय." आणि पहिला विचार काय यावा? चैत्रात सप्ताह, आता दुपारचा पहारा कोण करणार! रडू नंतर आलं, गावाकडे जाताना टोकावड्याच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर. पण मला खात्री आहे, आधी पहारा आठवला हे काकांना आवडलं असतं.

नामाकाका आमचे शेजारी, नात्याने कुणी नाहीत. भाताची शेती, बैलजोडी आणि नाकाला कायमची तपकीर. गळा असा बेसूर, की भजनीबुवा हात जोडून म्हणायचे, "काका, तुमी नुसता टाळ वाजवा." पण गावचा सप्ताह उभा राहायचा तो या बेसूर माणसाच्या जिवावर. सप्ताहात विठोबासमोर सात दिवस वीणा वाजती राहते. ती खाली ठेवायची नाही. एकाने गळ्यात घालून उभं राहायचं, त्याची पाळी संपली की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. हाच पहारा. देताना-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, त्यात वय बघायचं नाही आणि घराणंही बघायचं नाही. कुणाची पाळी कधी, हे काका ठरवत. सगळं तोंडी, दारोदार हिंडून. ओटीवर यायचे, चिमूटभर तपकीर ओढायचे आणि म्हणायचे, "चल रे, वीणा वाट बघते."

त्यांची लबाडी इथेच होती. वर्षभरात ज्यांचं एकमेकांशी वाजलं असेल, त्यांना ते बरोब्बर पाठोपाठ लावत. बांधावरून बिनसलेले, सोयरिकीवरून बिनसलेले, निवडणुकीत वरची आळी-खालची आळी झालेले... एकाने दुसऱ्याकडूनच वीणा घ्यायची. म्हणजे पाया पडणं आलं. सगळ्या गावाला ही खोडी ठाऊक होती, पण देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? लोक सणावारांवर नाकं मुरडतात, खर्च मोजतात. मुरडोत बापडे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, चावडीवर जे मिटलं नाही ते देवळात त्या एका वाकण्याने मिटलं.

माझ्याच घरचं सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि त्याच शिमग्याला अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे चुलतभाऊ रघुतात्या यांचं फाटलं. होळीला पहिला नारळ द्यायचा मान दोन्ही घरांचा, आलटून पालटून. त्या साली पाळी तात्यांची. तात्यांना कल्याणहून यायला उशीर झाला, आणि अण्णांनी, मुहूर्त टळतोय म्हणून, नारळ होळीत टाकला. झालं! तात्या आले ते होळीला पाठ दाखवून घरी गेले. "तुझ्या पोरीच्या मांडवात माझा पाय लागायचा नाय," असा निरोप आला. आईने अंथरूण धरलं. सख्खा काका नसलेल्या पोरीच्या लग्नात हाच एक चुलता, तोही नाही, तर वऱ्हाडाला काय तोंड दाखवायचं? मी तर लग्नच नको म्हणून बसले होते.

चैत्रात सप्ताह बसला. काकांनी सकाळचा शेवटचा पहारा अण्णांना दिला आणि त्यानंतरचा तात्यांना. वेळ झाली, तात्या नाहीत. पंगत बसली, उठली, तरी नाहीत. दुसरे वीणा घ्यायला पुढे आले, तर काका आडवे आले. "ज्याची पाळी तोच घेल." अण्णाही हट्टाचेच, पायांवर सूज चढली तरी हलेनात. वर पत्रे तापलेले, मी खांबाआडून बघत होते. शेवटी काका तात्यांच्या ओटीवर गेले. तिथे काय बोलले ते तात्यांच्या घरच्या काकूने मला पुढे सांगितलं. एवढंच म्हणाले, "भाऊ उभा हाय तुझा. तो वीणा ठेवनार नाय, आन मी दुसऱ्याला देऊ देनार नाय. आता पडला तर तुलाच उचलायला लागंल."

तात्या आले. अंगात बनियन, तोंडावर आठ्या. वीणा गळ्यात घेतली, अण्णांच्या पायांशी वाकले. मग अण्णा वाकले... आणि वाकल्या जागी अण्णांचा गुडघाच आखडला. उठता येईना. दोन-तीन जण धावले, तर नामाकाका हात पाठीशी बांधून मध्ये उभे. "कोनी हात लावायचा नाय. त्याचा भाऊ हाय ना समोर?" तात्यांनी एका हाताने वीणा सावरली, दुसऱ्याने अण्णांना बखोटीला धरून वर ओढलं. "उठ रे, वजन किती वाढवलंस!" एवढंच. वैशाखात मांडवाचा पहिला डहाळा तात्यांनी बांधला.

पुढे पोरं कंपन्यांत लागली, पाळ्या भरेनात. कुणीतरी सुचवलं, दुपारी वीणा खुंटीला टांगू आणि कॅसेट लावू. काकांनी विचारलं, "कॅशेट कोनाच्या पाया पडंल रे?" तो विषय तिथेच मिटला. दुपारचा पहारा तेव्हापासून ते स्वतःच करत होते, कारण तो कुणालाच नको असायचा. पंगत उठलेली, पोटं तट्ट, गाव पेंगलेलं. "दुपारचे देव आन मी, दोघंच. दोघंबी पेंगतो," असं म्हणत खांबाला पाठ टेकून उभे राहत. त्या खांबावर त्यांच्या पाठीचा तेलकट डाग पडलाय. दोनदा रंग दिला, तरी वर येतो.

गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा थकले होते. मला म्हणाले, "माझं पाय बंद पडलं तर दारोदार तू हिंड." मी हसले, मी काय, चार दिवसांची पाहुणी. तर म्हणाले, "म्हनूनच गो. माहेरवाशीन तू, तुला दोनी आळ्यांची दारं उघडी."

ते गेल्यावर सप्ताहाला रजा टाकून माहेरी आले, तर घरात तणतण. अण्णा म्हणत होते, नाम्याची दुपार मीच करणार. तिकडे तात्याही तेच म्हणत होते. "नाम्यानं त्या साली मला घरातनं उठवून आणलंन, त्याची दुपार माझी!" दोन म्हातारे, पुन्हा मानावरून अबोला, आणि मान कसला, तर गावात कुणाला नको असलेल्या वेळेचा! मला हसू आवरेना आणि डोळेही. मग मी तात्यांच्या ओटीवर गेले. "अर्धी दुपार अण्णांची, अर्धी तुमची."

"आन वीणा कोनाकडनं घ्यायची मी?"

"अण्णांकडनं."

"नाम्या गेलाय म्हनतात ते खोटं हाय," तात्या म्हणाले आणि खुंटीवरचा सदरा काढला.

दुपारी देवळात आम्ही मोजकीच माणसं. अण्णांनी वीणा तात्यांच्या गळ्यात घातली. तात्या वाकले, अण्णा वाकले, आणि दोघेही खालीच राहिले. वयं झालीत आता. भाऊ पुढे धावला. मीही पाऊल उचललं... आणि थांबले. भावाचा दंड धरून त्याला मागे ओढलं, त्या तेलकट डागावर पाठ टेकली आणि हात पाठीशी बांधले.

"कोणी हात लावायचा नाही," मी म्हटलं. "त्यांचे ते उठतील."