मामंजींची बंदूक कायद्यानं विकली त्याची गोष्ट

हसणार नाही असं कबूल करत असाल तरच सांगते. म्हणजे हसालच, पण निदान चहा सांडू नका.

एकोणऐंशी साल. आम्ही कसबा बावड्यात राहायचो. मामंजींची एकनळी बंदूक होती, उसातली डुकरं हाकलायला घेतलेली. लायसन त्यांच्याच नावावर. मामंजी गेले, आणि बंदूक माळ्यावर तशीच राहिली. चार महिने कुणाला आठवणसुद्धा नाही.

एक दिवस शेजारच्या वकीलभाऊजींना सहज बोलले, तर त्यांचा अडकित्ता हातातच राहिला.

"वहिनी, लायसनवाला माणूस गेला की बंदूक लगेच ठाण्यात जमा करायची. घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यात तुमचा नवरा सरकारी मास्तर."

झालं. मला ह्यांची नोकरी गेलेलीच दिसायला लागली. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बघू रविवारी." आता ह्यांचा रविवार काय सांगू तुम्हाला? आमचा मोरीतला नळ तीन वर्षं त्याच रविवारची वाट बघत गळत होता. म्हटलं, मीच करते. आणि अगदी कायद्यानं करते.

भाऊजींनी नीट समजावलं. आधी ठाण्यात जमा, मग विकायची परवानगी, आणि घेणारा लायसनवाला पाहिजे. "लायसन नसलेल्याच्या हातात बंदूक जाता कामा नये." हे शेवटचं वाक्य मी घट्ट धरून ठेवलं.

गिऱ्हाईक मिळालं पेठ वडगावचे मुसाभाई. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, शेतीही होती. लायसन घेऊन सकाळीच आले. मी ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"फोटोत मिशी आहे."

"व्हती. काढली."

"का?"

"वहिनी, बंदूक इकताय का सोयरीक जुळवताय?"

दोघांनी मिळून ठाण्यात जायचं ठरलं. मुसाभाईंनी बंदुकीला हात घातला. "द्या हिकडं, जड हाय."

मी ती मागं ओढली. "अजून तुमच्या नावावर चढली नाही. परवानगी येईपर्यंत बोट लावायचं नाही."

"अवो, पण माझ्याकडं लायसन..."

"ते ह्या बंदुकीचं नाही."

बिचाऱ्यांनी हात मागं घेतला. गोणपाटात गुंडाळावी असं आलं मनात, पण लपवून नेली तर चोरीची वाटायची. म्हणून उघडीच घेतली, खांद्यावर. इस्त्रीचं पातळ, एका हातात पिशवी, खांद्यावर बंदूक. आणि मागं चार पावलं सोडून मुसाभाई, मोकळ्या हातानं.

बावड्याच्या बसमध्ये एरवी उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी मला अख्खा बाक मिळाला. कंडक्टरनं लांबूनच तिकीट पुढं केलं.

"डुकरासाठी का नवऱ्यासाठी, वहिनी?"

"कायद्यासाठी," मी ताठ मानेनं सांगितलं.

ठाण्यात शिरले तसा हवालदार उठून उभाच राहिला. मला वाटलं, मान देतोय. फौजदारांनी विचारलं, "बंदूक कुणाची?"

"सासऱ्यांची. ते वारले. जमा करायला आणलीय."

"आणली कुणी?"

"मी. बावड्यापासनं. वाटेत कुणाच्याही हातात दिली नाही."

"लायसन?"

मी मुसाभाईंना दंडाला धरून पुढं केलं. "हे की. फोटो मी स्वतः तपासलाय."

"ह्यांचं बघितलं. तुमचं दाखवा."

मी मुसाभाईंकडं बघितलं. मुसाभाई पंख्याकडं बघत होते.

फौजदारांनी हातातला टाक खाली ठेवला. "म्हंजे बाई, सगळ्या वाटंनं लायसन एकट्या ह्यांच्याकडं आणि बंदूक एकट्या तुमच्याकडं. बसनं, समद्या गावादेखत. आता तुमीच सांगा, केस कुणावर करू?"

मला परत ह्यांची नोकरी दिसायला लागली. म्हटलं, "माझ्यावर करा. पण मास्तरांचं नाव घालू नका. ते नुसते रविवारची वाट बघत होते."

हवालदार तोंडावर टोपी धरून बाहेर गेला. फौजदारांनी नळी तपासली, रिकामी निघाली. मला दोनदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लिहिलं, 'स्वतःहून जमा केली.' पावती देताना म्हणाले, "फुडल्या खेपंला निरोप धाडा, आमचा माणूस येतोय. तुमी काय आनू नगासा."

दोन महिन्यांनी परवानगी आली. मुसाभाई वडगावहून आले, ठाण्यात जाऊन बंदूक घ्यायची होती. मी चपला पायात घातल्या. म्हटलं, "चला, कागद बरोबर होतात का मी बघते."

मुसाभाईंनी दोन्ही हात जोडले.

"नगं वहिनी. लायसन हाय, परवानगी हाय, समदं हाय. पर तुमी सोबत आला तर मला जामीन बी लागंल."