आईच्या मनगटावरची लाल पट्टी
ड्रॉवरमध्ये चार्जर शोधताना आईची ती लाल प्लास्टिकची पट्टी हाताला लागली. एखादं औषध सोसत नसेल, तर हॉस्पिटलात रुग्णाच्या मनगटावर बांधतात, तसली. आई साताऱ्याहून कोलकात्याला माझ्याकडे आली आणि आठवड्याभरात तिला न्यूमोनिया झाला. वॉर्डात फिनेलचा उग्र वास होता, चहूकडे बंगाली चाललं होतं आणि हिंदीही धड न येणारी आई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. डॉक्टरांनी मला हिंदीत विचारलं, ह्यांना कुठल्या औषधाचा त्रास होतो का? आईला न विचारताच मी ‘नाही’ म्हटलं. न्यू टाउनच्या ऑफिसात चारला माझी मीटिंग होती. त्यांनी इंजेक्शन लिहायला घेतलं. आई पर्स उघडत म्हणाली, “अरे, मागे एका इंजेक्शनने माझं तोंड सुजलं होतं. नाव लिहून आणलंय, दाखव ना त्यांना.” मी तिची पर्स मिटली. “आई, त्यांना कळतं गं सगळं.” त्या इंजेक्शननंतर तिचे ओठ सुजले, श्वास अडकला, धावतपळत तिला आयसीयूत नेलं. तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली, तेव्हा मनगटावर ही पट्टी होती. डॉक्टरांनी विचारलं, असं पूर्वीही झालं असेल ना, मग आधी सांगितलं का नाही? मी तिला ते मराठीत विचारलं. क्षणभर माझ्याकडे बघून ती म्हणाली, “माझ्याच लक्षात राहिलं नाही, म्हणावं.” पट्टी टाकून द्यावी म्हणतो आणि पुन्हा ठेवतो. त्या सगळ्यात आईचं तेवढं एकच वाक्य मी डॉक्टरांना शब्दन्शब्द सांगितलं होतं.